रस्त्याचे जुने कागद: काय मागायचं, कुठे शोधायचं आणि आकडा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा होता: आमच्या भागातला एक मुख्य रस्ता साधारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकेरी केला, नंतर रुंद केला, आता परत दुहेरी करायचं चाललंय. तेव्हा ट्रॅफिक किती होतं, बदल का केला, त्याने खरंच फरक पडला का, हे रेकॉर्ड सामान्य माणसाला बघायला मिळतं का? ऑफिसात विचारलं तर "एवढं जुनं काही नाही" म्हणाले.

मिळतं. सगळं मिळेल असं नाही, पण "काही नाही" हे उत्तर बहुतेक वेळा अपुरं असतं. समोरचा माणूस खोटं बोलत असतो असंही नाही, तो त्याच्या कपाटापुरतं बोलत असतो. मी वीस-बावीस वर्षं वाहतूक मोजणी, सिग्नलचं टायमिंग आणि चौकांचे आराखडे या कामात काढलीत आणि त्यातला बराच वेळ जुने कागद हुडकण्यात गेलाय, म्हणून सांगतो, "रस्त्याची फाइल" अशी एक वस्तू जवळपास कुठेच नसते. आदेश एकाकडे, बांधकामाचे नकाशे दुसऱ्याकडे, मोजणीचे तक्ते तिसऱ्याकडे नाहीतर सल्लागार कंपनीकडे, अपघाताच्या नोंदी पोलिसांकडे, आणि हे सगळं करायचं कुणी का ठरवलं ते सभेच्या इतिवृत्तात. तुम्ही एका टेबलावर जाऊन रस्त्याचा इतिहास मागितला की त्या टेबलाला खरंच काही दिसत नाही.

म्हणून सुरुवात आकड्यांपासून करू नका, आदेशापासून करा. रस्ता एकेरी करायचा, वळण बंद करायचं, अवजड वाहनांना बंदी घालायची तर त्यासाठी कायद्याचा आधार असलेला लेखी आदेश लागतोच, कारण त्याशिवाय एकाही वाहनचालकाला दंड करता येत नाही. ब्रिटनमध्ये हे आदेश १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याखाली निघतात आणि त्यांची नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते, तिथे "प्रायोगिक" आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो, त्यामुळे कायम करायचा तर पुन्हा कागद तयार होतोच. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ आहे, त्यात वाहनांवर बंदी किंवा निर्बंध घालायचा तर राजपत्रात अधिसूचना हवी, फक्त एक महिन्यापर्यंतच्या तात्पुरत्या निर्बंधाला ती लागत नाही. म्हणजे तुमचा रस्ता वीस वर्षं एकेरी आहे तर कुठेतरी त्याचा आदेश असायलाच हवा, आणि तो सापडत नसेल तर ती पण एक महत्त्वाची माहिती आहे, कारण मग तो बदल कुठल्या अधिकारात चालू आहे हा प्रश्न उभा राहतो.

आदेश हातात आला की लोक मधला मजकूर वाचतात, "वाहतूक सुरळीत व्हावी व नागरिकांची गैरसोय टळावी म्हणून" वगैरे, आणि निराश होतात. त्या मजकुरात काही नसतंच. तुम्ही वरचा कोपरा बघा. तारखेच्या खाली किंवा विषयाच्या खाली "संदर्भ" म्हणून तीन-चार ओळी असतात. एक, अमक्या कार्यालयाचं पत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक. दोन, स्थळपाहणी अहवाल, दिनांक अमुक. तीन, अमक्या समितीच्या सभेतला ठराव क्रमांक. ह्या तीन ओळी म्हणजे सगळ्या शोधाची दोरी आहे. प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र कागद आहे, त्याला नंबर आहे, तारीख आहे, पाठवणारं ऑफिस आहे, आणि तो कागद मिळाला की त्याच्यावर परत स्वतःचे संदर्भ असतात. मी अशा संदर्भांवरून चार-चार पायऱ्या मागे गेलोय आणि शेवटी हाताने भरलेल्या मोजणीच्या तक्त्यापर्यंत पोचलोय. आवक-जावक रजिस्टर शाबूत असेल तर अजून सोपं, कारण पत्र हरवलं तरी ते कुठून कुठे गेलं याची नोंद राहते आणि दुसऱ्या ऑफिसात त्याची प्रत सापडू शकते.

आता मागायचं कसं. माहितीचा हक्क आज बऱ्याच देशांत आहे, स्वीडनमध्ये तर १७६६ पासून आहे. अमेरिकेचा १९६६ चा कायदा फक्त केंद्रीय खात्यांना लागू आहे, शहराचे कागद हवे असतील तर त्या त्या राज्याचा कायदा बघावा लागतो, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या कायद्याखाली अर्ज करून महिने घालवतात. ब्रिटनचा २००० चा कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू झाला आणि त्यात कामाच्या २० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. भारतात २००५ चा कायदा, मुदत ३० दिवस. त्यातल्या दोन गोष्टी जुन्या रस्त्यांच्या कामात फार उपयोगी पडतात आणि त्या कमी लोक वापरतात. पहिली म्हणजे कलम २(ञ), इंग्रजी प्रतीत २(जे), यात फक्त झेरॉक्स मागायचा नाही तर प्रत्यक्ष जाऊन फाइल बघायचा, टिपून घ्यायचा हक्क आहे. दुसरी कलम ८(३), वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती असेल तर नकार द्यायची बहुतेक कारणं गळून पडतात, देशाची सुरक्षा वगैरे मोजकीच उरतात. आणि अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर कलम ६(३) प्रमाणे तो त्यांनी पुढे पाठवायचा असतो, तुम्हाला परत पाठवायचं नसतं.

पण कायदा कुठलाही असो, अर्जाची भाषा चुकली की काम बिघडतं. "सदर रस्ता एकेरी का केला याचा खुलासा करावा" असं लिहिलंत तर उत्तर येईल की खुलासा देणं कायद्यात बसत नाही, आणि ते उत्तर बरोबरच असतं. हा हक्क कागदाचा आहे, कारणमीमांसेचा नाही. "या रस्त्याची सगळी माहिती द्या" लिहिलंत तर ढोबळ आहे म्हणून बाजूला पडेल. त्याऐवजी असं लिहा: अमुक चौक ते अमुक चौक या भागात अमुक साल ते अमुक साल या काळात काढलेले वाहतूक निर्बंधाचे सर्व आदेश, त्यांच्या संदर्भात नमूद केलेली पत्रं आणि स्थळपाहणी अहवाल, संबंधित फाइलमधलं टिपणी पान, या काळात या भागात झालेल्या वाहतूक मोजणीचे मूळ तक्ते परिशिष्टांसह, आणि यातलं जे उपलब्ध नाही त्याचा कागद जतन करायचा कालावधी काय होता आणि नष्ट केला असेल तर नाश नोंदवहीतली नोंद. "टिपणी पान" हा शब्द जरूर घाला, कारण साहेबाने सही करण्यापूर्वी खालच्या माणसांनी काय काय लिहिलं, कुणी शंका काढली, हे तिथेच असतं, आणि "बदल का केला" याचं खरं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

शेवटची नाश नोंदवहीची मागणी तर अजिबात वगळू नका. "नाही" याचे तीन अर्थ होतात आणि तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कधी मोजलंच नव्हतं, हा एक. मोजलं होतं पण मुदत संपल्यावर रीतसर नष्ट केलं, हा दुसरा. आणि आहे पण शोधलं नाही, हा तिसरा, आणि माझ्या अनुभवात हा तिसराच जास्त निघतो. रीतसर नष्ट केलं तर तशी नोंद असते, कुणाच्या सहीने, कुठल्या तारखेला. ती नोंद मागितली आणि ती पण नाही म्हटलं की समोरच्याला रेकॉर्ड रूमची किल्ली शोधावीच लागते. काही वेळा कागद मुदत संपल्यावर नष्ट न होता अभिलेखागारात गेलेला असतो आणि मूळ ऑफिसातल्या नव्या माणसाला ते ठाऊकच नसतं.

अजून एक अडचण, नावांची. रस्त्याचं नाव बदलतं, चौकाला नवं नाव पडतं, रस्त्याचा क्रमांक बदलतो, हद्दवाढ झाली की रस्ता एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातो. शोध सुरू करायच्या आधी एका कागदावर त्या रस्त्याची सगळी जुनी-नवी नावं, दोन्ही टोकांच्या चौकांची नावं आणि कुठल्या काळात तो कुणाच्या ताब्यात होता हे लिहून काढा. इंग्लंडमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्यात कलम ३६ आहे, त्याप्रमाणे सार्वजनिक खर्चाने सांभाळल्या जाणाऱ्या रस्त्यांची यादी ठेवावी लागते आणि ती कुणालाही फुकट बघता येते, अशी यादी जिथे असेल तिथे पहिलं काम तिथेच करा.

आता आकड्यांकडे येतो, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण कागद मिळवणारे खूप असतात पण मिळालेला आकडा चुकीचा वाचून सगळी मेहनत वाया घालवणारे त्याहून जास्त असतात.

अहवालात एक आकडा असतो, समजा "दररोज १८,००० पीसीयू" (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे सगळी वाहनं कारच्या मापात धरून काढलेला आकडा). हा आकडा कुणीही रस्त्यावर उभं राहून मोजलेला नसतो. मोजलेलं असतं ते समजा एका मंगळवारी सकाळी ७ ते संध्याकाळी ७. त्याला चोवीस तासांचं करायला एका गुणकाने गुणलं, मग वर्षाची सरासरी काढायला ऋतूच्या गुणकाने, मग वेगवेगळी वाहनं एका मापात आणायला प्रत्येकाला एक वजन दिलं, म्हणजे कारला १ धरून बसला किती, दुचाकीला किती. ही वजनं काळाप्रमाणे आणि मानकाप्रमाणे बदलत गेलीत. एक उदाहरण घ्या, तासाला १०० बस, ४०० कार, ६०० दुचाकी. बसला ३ आणि दुचाकीला ०.५ धरलं तर ३०० अधिक ४०० अधिक ३००, म्हणजे १,०००. बसला २.२ आणि दुचाकीला ०.७५ धरलं तर २२० अधिक ४०० अधिक ४५०, म्हणजे १,०७०. रस्त्यावर एकही वाहन वाढलं नाही, पण जुना अहवाल पहिल्या पद्धतीचा आणि नवा दुसऱ्या पद्धतीचा असेल तर कागदावर ७ टक्के वाढ झाली आणि त्या ७ टक्क्यांवर उड्डाणपुलाचा प्रस्ताव उभा राहू शकतो. म्हणून नेहमी वाहनप्रकारानुसार मूळ मोजणी मागा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांचा तक्ता, आणि तुलना वाहनांच्या संख्येची करा.

कशाने मोजलं हेही बघा. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून मोजायची पद्धत अनेक दशकं वापरात आहे आणि आजही चालते. नळीला वाहन दिसत नाही, तिला फक्त चाकांचा दाब कळतो, एक आस (दोन बाजूंची चाकं जोडणारा दांडा) गेली की एक ठोका. साधं यंत्र दोन ठोक्यांचं एक वाहन धरतं, त्यामुळे तीन आसांचा ट्रक दीड वाहन होतो, आणि दोन गाड्या शेजारी-शेजारी एकाच क्षणी गेल्या तर एकच मोजली जाते. ट्रॅफिक सरपटत चालत असेल तर नळीचा हिशेब अजून बिघडतो. जुना आकडा नळीचा आणि नवा कॅमेऱ्याचा असेल तर दोघांत थेट वजाबाकी करू नका.

आणि सगळ्यात मोठी फसगत, जी शिकलेल्या लोकांची पण होते: आकडा कमी म्हणजे रस्ता मोकळा असं नसतं. मोजणी सांगते की एका तासात त्या रेषेवरून किती वाहनं पलीकडे गेली. पहाटे रस्ता रिकामा असतो तेव्हा आकडा कमी येतो, आणि रस्ता पूर्ण तुंबून गाड्या जागच्या हलत नसतात तेव्हाही आकडा कमीच येतो. निव्वळ संख्येवरून दोघांतला फरक कळत नाही, त्यासाठी वेग, रांगेची लांबी किंवा प्रवासाला लागलेला वेळ सोबत हवा. "रुंदीकरणानंतर ट्रॅफिक दुप्पट झालं" याचा अर्थ आधी तुंबून उभ्या असलेल्या गाड्या आता वाहायला लागल्या असाही होऊ शकतो, किंवा नव्या गाड्या आल्या असाही होऊ शकतो, आणि पुढचा निर्णय पूर्णपणे यावर अवलंबून असतो.

एक प्रसंग सांगतो, कारण त्याने माझी काम करायची पद्धतच बदलली. एका चौकाचा जुना अहवाल होता, त्यात एका बाजूच्या रस्त्यावर गर्दी इतकी कमी दाखवली होती की त्या बाजूचा सिग्नलचा हिरवा वेळ बराच कमी केला गेला, आणि पुढे कित्येक वर्षं तिथे रोज संध्याकाळी लांब रांग लागायची. नंतर जो तो तोच अहवाल पुढे उतरवत गेला. आमच्याकडे ते काम आलं तेव्हा अहवालाची जी स्कॅन केलेली प्रत होती तिला परिशिष्टच नव्हतं, पान ४२ नंतर एकदम मागचं कव्हर. मूळ प्रत मागितली, दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा मी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसलो. दोरीने बांधलेल्या एका गठ्ठ्यात ते तक्ते निघाले, पेन्सिलने पाच-पाचच्या काड्या मारलेले, घाम लागून कडा पिवळ्या पडलेल्या. त्या बाजूच्या तक्त्याच्या खाली शेरा या रकान्यात मोजणी करणाऱ्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पाइप फुटल्यामुळे पुढे खोदकाम, वाहने मागच्या रस्त्याने वळवली." म्हणजे ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी रस्ता पुढे बंदच होता. ज्या पोराने उन्हात उभं राहून त्या काड्या मारल्या त्याने आपलं काम चोख केलं होतं, त्याने लिहून ठेवलं होतं. तो शेरा टाइप करताना गळला आणि एका ओळीच्या अभावी एवढी माणसं एवढी वर्षं रांगेत उभी राहिली. तेव्हापासून मी सारांश वाचतच नाही, आधी परिशिष्ट उघडतो, आणि परिशिष्टात आधी शेरा, तारीख, वार आणि हवामान बघतो. तुम्हीही तेच करा. त्या दिवशी सुट्टी होती का, शाळा चालू होत्या का, पाऊस होता का, संप होता का, हे त्या तारखेच्या वर्तमानपत्रात मिळतं.

ब्रिटनच्या परिवहन खात्याचं एक चांगलं आहे, त्यांचे २००० पासूनचे मोजणी ठिकाणांचे आकडे ऑनलाइन खुले आहेत, हाताने केलेली मोजणी साधारण मार्च ते ऑक्टोबर या काळात कामाच्या दिवशी सकाळी ७ ते संध्याकाळी ७ अशी बारा तास होते, आणि एखाद्या वर्षी प्रत्यक्ष मोजलं की मागच्या वर्षावरून अंदाज बांधला हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. हा शेवटचा रकाना फार मोलाचा आहे. सलग दहा वर्षांचा सुंदर चढता आलेख दिसतो आणि नीट बघितलं तर त्यातली प्रत्यक्ष मोजणी दोनच वर्षांची असते.

बदलाने फरक पडला का, या तुमच्या प्रश्नाला नुसते आधीचे-नंतरचे आकडे पुरत नाहीत, शेजारचा रस्ता पण हवा. न्यूयॉर्कमध्ये मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवे या रस्त्याचा भाग गाड्यांना बंद केला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते कायम केलं. त्यांनी टॅक्सींच्या जीपीएस नोंदी वापरल्या, आणि बदल झालेल्या पश्चिम मिडटाउनमध्ये उत्तरेकडे जाणाऱ्या टॅक्सींचा वेग १७ टक्के वाढला असं आलं. पण त्याच काळात जिथे काही बदल केला नव्हता त्या पूर्व मिडटाउनमध्येही तो ८ टक्के वाढला होता. हा दुसरा आकडा त्यांनी छापला, म्हणून आपल्याला कळतं की सगळं श्रेय त्या बदलाचं नाही. स्टॉकहोमने ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ गर्दी शुल्काची, म्हणजे शहराच्या मधल्या भागाच्या हद्दीवरून गाडी नेण्यासाठी पैसे घेण्याची, चाचणी घेतली तेव्हा आधीची मोजणी मुद्दाम करून ठेवली होती, म्हणून हद्दीवरून येणारी-जाणारी वाहनं सुमारे २० टक्के कमी झाली हे ठामपणे सांगता आलं आणि लोकांना त्यावर मतदान करता आलं. तुमच्या रस्त्याचे आकडे मागताना म्हणून समांतर दोन रस्त्यांचे पण त्याच काळातले आकडे मागा, ट्रॅफिक कमी झालं की नुसतं शेजारच्या गल्लीत सरकलं हे त्याशिवाय समजणार नाही.

अपघातांच्या नोंदीबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेत प्राणघातक अपघातांची देशभराची नोंद १९७५ पासून आहे, ब्रिटनमध्ये इजा झालेल्या आणि पोलिसांनी नोंदवलेल्या अपघातांचा डेटा १९७९ पासून खुला आहे. नावगाव कुणी देणार नाही आणि मागूही नका, तुम्हाला जागा, वेळ, वाहनप्रकार आणि इजेचं गांभीर्य एवढं पुरतं. पण एखादा चौक "अपघातग्रस्त" म्हणून निवडला जातो तो एखाद्या वाईट वर्षानंतर, आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष काहीच केलं नाही तरी बरेचदा बरं जातं. म्हणून आधीचं एक आणि नंतरचं एक वर्ष धरून "अपघात निम्मे झाले" असं कुणी दाखवलं तर मान्य करू नका, दोन्ही बाजूंची किमान तीन, जमल्यास पाच वर्षं बघा.

समजा मोजणी खरंच मिळाली नाही, तरी मार्ग आहेत. माझा सगळ्यात आवडता म्हणजे बसचं जुनं वेळापत्रक. त्या रस्त्यावरच्या दोन थांब्यांमधे बसला किती मिनिटं दिलीत ते वर्षावर्षाला बघत जा, आधी ९, मग ११, मग १४, बस चालवणारं खातं उगाच वेळ वाढवत नाही, प्रत्यक्षात लागतो म्हणूनच वाढवतं. छापील वेळापत्रकं वाचनालयांत, जुन्या डायऱ्यांत सापडतात. रस्त्याची रुंदी आणि चौकाचा आकार यासाठी जुने मोठ्या प्रमाणावरचे नकाशे उत्तम, अमेरिकेत अग्निविम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने १८६७ पासून शहरांचे असे बारीक नकाशे काढले, त्यांचा मोठा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन ठेवलाय, आणि ब्रिटनचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात. उपग्रहाचे लँडसॅट फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात, पण त्यांत गल्ली दिसत नाही, नवा बायपास कधी झाला एवढंच कळतं. गल्लीसाठी विमानातून घेतलेले फोटो शोधा. गूगल स्ट्रीट व्ह्यू २००७ ला सुरू झालं आणि २०१४ पासून त्यात जुन्या तारखेचे फोटो उघडता येतात, पाटी कुठल्या महिन्यापर्यंत नव्हती आणि कुठल्या महिन्यात दिसते हे त्यावरून पक्कं करता येतं. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला ऑनलाइन नकाशा, २००४ पासून आहे आणि त्यात प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याचा बदलांचा इतिहास उघडून बघता येतो, एकेरीचा टॅग कुणी कधी लावला सगळं, फक्त लक्षात ठेवा ती तारीख नकाशात बदल करणाऱ्याची आहे, रस्त्यावरच्या बदलाची नाही. तसंच ऑफिसच्या साइटवरून काढून टाकलेली पीडीएफ वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात, बरेचदा मिळते, तिथली साठवण १९९६ पासूनची आहे.

तारखांचं हे सगळीकडेच सांभाळा. आदेशाची तारीख, अंमलाची तारीख आणि प्रत्यक्ष पाटी लागून पट्टे मारले ती तारीख, या तिन्हींत महिन्यांचं अंतर असू शकतं. आधी आणि नंतर ठरवताना तिसरी तारीख धरा. ती ठेकेदाराच्या बिलासोबतच्या मोजमाप पुस्तकात मिळते, पट्ट्यांचं काम कधी मोजलं ते तिथे लिहिलेलं असतं.

खासगी सल्लागाराने केलेल्या मोजणीबद्दल बरेचदा सांगतात की डेटा कंपनीचा आहे, आमचा नाही. करारनामा मागा. सार्वजनिक पैशातून केलेल्या मोजणीचा मूळ डेटा ऑफिसला सुपूर्द करायची अट बहुतेक करारांत असते, आणि ती पाळली नसेल तर ती त्यांना अजूनही पाळायला लावता येते, कंपनी चालू असेल तोपर्यंत. मला मनापासून वाटतं की हे तक्ते मागायची वेळच यायला नको, मोजणी झाली की महिन्याभरात मूळ स्वरूपात, शेऱ्यासकट साइटवर टाकायला काहीही अडचण नाही, त्यात कुणाचं गुपित नसतं, लोकांच्या गाड्या लोकांच्या रस्त्यावर मोजलेल्या असतात.

तुमच्या बाबतीत मात्र जुन्या कागदांच्या अर्जासोबत दुसरा अर्ज याच आठवड्यात द्या. रस्ता परत दुहेरी व्हायच्या आत, आज तो एकेरी असतानाची मोजणी झालीय का, झाली असेल तर मूळ तक्ते, नसेल तर ती करावी अशी मागणी हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी नोंदवा. सिग्नलच्या यंत्रातले आकडे आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसून त्यावर नवीन चढतं, म्हणून ते जतन करून ठेवा असं अर्जात स्पष्ट लिहा. आणि त्यांनी मोजलं नाही तर तुम्ही मोजा: तीन-चार जण, मंगळवार ते गुरुवार यातले दोन दिवस, सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास, पंधरा मिनिटांचे रकाने, वाहनप्रकार वेगळे, समांतर रस्त्यावर पण एक माणूस, आणि तक्त्याच्या खाली शेऱ्याचा रकाना मोठा ठेवा. तक्त्याचा फोटो काढून त्याच दिवशी आवक शिक्का मारून ऑफिसात द्या, म्हणजे त्याला क्रमांक मिळेल.